सहावी प्रत

माँट्रोच्या हॉटेलात लांब टेबलावर हिरवी बनात,
तिच्यावर कितीतरी देशांची कोपरं,
आणि खिडकीच्या अंगाला मी, फिक्री बय्यूमी,
मंत्रालयाचा टंकलेखक.
एका रुळावर सहा कागद, मधे पाच कार्बन.

आज सगळा वाद एका शब्दापाशी अडलाय: संक्रमणकाळ.
त्यांचे हक्क सुटायला किती वर्षं?
आमचे म्हणाले, थोडी.
समोरचे म्हणाले, पुष्कळ.
मग कॉफी आली.
कॉफीनंतर, बारा.
आमच्या बाजारात टरबुजाचा भाव असाच ठरतो,
फक्त तिथे फळ कापून दाखवतात.

समोरचा एक सद्गृहस्थ, आवाज मऊ, म्हणाला,
‘आमच्या माणसांना तुमच्या कोर्टात भीती वाटेल हो.’
तेही मी टाइप केलं.
भीती, सहा प्रती.

अलेक्झांड्रियाच्या धक्क्यावर माझा बाप
होड्यांच्या फटी बुजवायचा, ताग आणि डांबर घालून.
एका रविवारी कुणाची बग्गी त्याच्या पायावरून गेली.
हवालदारानं शिट्टी ओठांपर्यंत आणली.
गाडीतल्यानं खिशातून पासपोर्टाची कड दाखवली,
नुसती कड.
शिट्टी जशी आली तशी परत गेली.
फिर्याद वकिलातीत चालली,
बापाला न कळणाऱ्या भाषेत,
आरोपीच्या मामेभावासमोर.
पाच मिनिटांत निकाल.
बापानं विचारलं, काय म्हणाले?
दुभाषा म्हणाला, सावकाश उतर,
पायऱ्या निसरड्या आहेत.

त्या रात्री त्याचा पाय बांधला
खालच्या पाववाल्या एव्हदोकियाबाईनं,
पिठाच्या गोणीचं फडकं फाडून.
तिच्याही फडताळात एक पासपोर्ट होता,
बिस्किटांच्या डब्याखाली.
परवा तिचं पत्र आलं इथं, वेड्यावाकड्या अरबीत:
‘फिक्री, उद्या भट्टीवरून भांडण झालं
तर मी कुठल्या दाराशी जायचं?’

तीन रात्री उत्तर लिहितोय.
त्याच दाराशी, बाई, जिथे आम्ही जातो.
इथवर येतो आणि थांबतो.
ते दार कसं आहे
हे आम्हाला तरी कुठे नीट ठाऊक?

बारा वर्षं. एक अख्खं तप.
बाप तेव्हा एकोणऐंशीचा असेल, असला तर.
त्याला सांगितलं तर तो एवढंच विचारेल,
आणि पायऱ्या?

सह्या झाल्या. तळ्यावरून वारा आला,
कुणीतरी माझ्या पेल्यातही दोन घोट ओतले.
पहिली प्रत पेटीत गेली, दुसरी, तिसरी
ज्याच्या त्याच्या चामडी पिशवीत.
सहावी पुसट येते. ती कुणालाच नको असते,
म्हणून घडी करून कोटात ठेवली.

खोलीत येऊन दिव्याखाली धरली.
कलमं वाचता येत नाहीत,
देशांची नावं तर धुकंच.
एक तारीख तेवढी ठसठशीत उमटलीय,
ऑक्टोबर, एकोणपन्नास.
तिथं माझं बोट
जरा जोरात पडलं असावं.