लवूमामाचा कोंबडा

आधी पंचा.
ओला नको, पार कडकही नको.
मांडीवर चारदा आपटायचा, चौथा फटका जरा उशिरा.
रानकोंबडा आरवण्याआधी पंख झाडतो, तसा.
तोंडाने आवाज काढणारे पुष्कळ, मामा म्हणायचा,
पण "पंख इसारतत, आणि थंयच फसतत."

मग गळा.
पुढचे दोन दात पडले त्या साली
मामाची बांग फाटली होती.
ती फट त्याने कुड्याच्या पानाने बुजवली.
कुक्. कायाक् कायाक्. कुक्.
शेवटचा कुक् बाहेर सोडायचा नाही,
पेजेचा घोट गरम लागल्यावर गिळतात
तसा गिळायचा.

कोंबडीचं काम निराळं.
तिला बांग नाही, तिच्यासाठी पाचोळा.
दोन बोटांनी उकरायचं, थांबायचं,
जिभेने हळूच टुक् टुक्, पुन्हा उकरायचं.
मी उकरायचो ते भाताची मळणी काढल्यासारखं.
"रे, वाळवी गावली हा तिका.
खाऊक देशीत की नाय?"

आणि गप्प बसणं. ते मला शेवटपर्यंत आलं नाही.
पलीकडून उत्तर आलं की माझ्या तोंडात
लगेच दुसरी हाक उतू जायची.
मामा मनगट धरायचा.
"कोंबड्याक बोलवूचा नसता.
तेका वाटाक व्हया, माजो मीच इलंय."

माघातली ती पहाट. वरचा सडा.
काजूच्या मोहोराचा वास अंगावर बसलेला,
खाली खाडीत धुकं, त्यापलीकडे
समुद्र म्हणजे चुन्याची एक पुसट रेघ.
ठासणीची बंदूक मामाच्या गुडघ्यावर.
पंचा वाजला. बांग गेली.
करवंदीच्या जाळीआडून
फडफड, आणि मग उत्तर.

असा कोंबडा मी ऐकला नव्हता.
मामा थांबला की तो थांबायचा.
मामाने पाचोळा उकरला, तर तिकडेही कुणी उकरलं.
पाऊण तास. आम्ही दोन हात पुढे,
तो दोन हात पुढे.
शेवटचा कुक् तर इतका अलगद गिळला त्याने
की मामाच्या हातावर काटा आला, मी पाहिला.
घोडा चढला. नळी जाळीवर टेकली.

आणि कोंबडा खोकला.

बिडीचा, खोल, छातीतून सुटलेला खोकला.
मामाने घोडा अंगठ्याने उतरवला,
केप काढून खिशात टाकली.
जाळीतून आधी दुसरी नळी वर आली,
मग बुधाजी घाडी.
बांधावरच्या फणसापायी अकरा वर्षं
दोघांत शब्द नव्हता.
कोर्टातसुद्धा एकमेकांकडे पाठ करून बसलेले.
दोघे उभे. मधे पाच पावलं आणि करवंदीचे काटे.
बुधाजीने बंदूक खांद्याला लावली,
पंचा झटकला, उतरणीला लागला.

घरी येईतो मामा एकच वाक्य बोलला,
तेही गोठ्यापाशी, बैलाला उद्देशून.
"शेवटचो कुक् बरो जमता तेका."

पुढे निवडणूक आली. बंदूक ठाण्यात जमा झाली
ती मामाने परत आणलीच नाही.
पावती तांदळाच्या डब्याखाली पिवळी पडली.
पण माघ लागला की पहाटे परसात पंचा वाजायचा,
आणि घाडीवाडीकडून, वारा बरा असेल तर,
कुणीतरी गिळलेला कुक्.
फणस अजून कोर्टातच होता.

बुधाजीला थोरल्या मुलाने नालासोपाऱ्याला नेलं
त्या वर्षीही मामा उठला. चार फटके, चौथा उशिरा.
बांग दिली, दातांविना, पानाविना,
आणि खरंच उत्तर आलं.
मी उडी मारून उठलो.

मामाने मान तिरकी करून ऐकलं.
"खरो कोंबडो आसा,"
पंचा खांद्यावर टाकत तो आत वळला.
"गिळूक जमणा नाय तेका."