जरा

सत्तावीस वर्षं सातारा स्टँडच्या काचेमागून
मी गावांची नावं वाचली.
दहिवडी, म्हसवड, औंध, वडूज.
गाडी फलाट क्रमांक सहावर लागलेली आहे.
मला कुणी ऐकलं नाही.
ज्यानं त्यानं आपापलं गाव ऐकलं
आणि पिशवी उचलली.

आता भाच्यानं, रणधीरनं, फोनमध्ये पुस्तकं भरून दिलीत.
कानात दोन पांढरी बुचं घालून
पहाटे मी चार भिंतीचा चढ चढतो.
वत्सला म्हणते, रस्त्यानं एकटेच हसू नका,
लोक मला विचारतात.

पहिल्या पुस्तकाचा आवाज तुपातला.
भूक लागली, तूप. पूर आला, तूप.
नवव्या प्रकरणात खून झाला
तेव्हाही त्यानं सगळ्यांना सारखंच वाढलं.
पण पठ्ठ्या दमला नाही कुठं, हे मानलं पाहिजे.
अकरा तास चाळीस मिनिटं.
मला दोन तासांत घसा खाकरावा लागायचा.

दुसऱ्यात एक बाई वाचते.
म्हाताऱ्याचं बोलणं आलं तरी आवाज जाड करत नाही,
वाक्याआधी थांबते फक्त,
गुडघ्यावर हात टेकून उठणाऱ्यासारखी.
आणि कुणी जाणार असलं की
आधी तिचा श्वास येतो.
तो कापायचा राहून गेलाय.

आप्पा गेल्याची चिठ्ठी दिनकर शेडगेनं
खिडकीतून आत सरकवली,
तेव्हा माइक चालू होता.
मीही असाच श्वास घेतला होता,
फलटण गाडीच्या आधी.
दीडशे तरी माणसं असतील स्टँडवर.
एखाद्यानं वर पाहिलं असेल का,
हे मला इतक्या वर्षांत सुचलंच नव्हतं.

रात्री ऐकता ऐकता डोळा लागतो.
पुस्तक थांबत नाही.
परवा दोघं भाऊ बांधावर भांडत होते,
जाग आली तर एकाच्या तेराव्याचं जेवण चाललेलं.
मागे न्यायचं बटण आहे. पंधरा सेकंद, पंधरा सेकंद.
मी नेलं नाही.
उशिरा पोचलेला पाहुणा
पंगतीच्या टोकाला गपचूप बसतो, तसा बसलो.

तिसऱ्यात म्हशीला चारा घालतात.
वाचणारा म्हणाला 'चारा',
चार भिंतीतल्या 'च'नं.
मी चढावरच थांबलो. म्हैस उपाशी राहिली.
कागदावर दोन्ही 'च' सारखेच,
खाली टिंब नाही, वर खूण नाही.
डोळ्याला चालतं. कान मात्र
भाकरीतला खडा लागावा तसा अडतो.

म्हणून आज पुन्हा त्या बाईकडे गेलो.
शेवटचं प्रकरण, माहेरी आलेली लेक,
आणि एक एवढंसं वाक्य:
दारात जरा उभी होती.

छापलेलं असतं तर मी वाचलं असतं,
लेक थोडा वेळ उभी होती दारात,
आणि पान उलटलं असतं.
बाईनं तो शब्द उच्चारला
जन्मातल्या 'ज'नं.
उंबऱ्याशी लेक नव्हतीच.

या वेळी मागे नेलं.
पंधरा सेकंद.
पुन्हा पंधरा.
खाली दिवे विझत होते, गुडघा ठणकत होता,
आणि तिला हे कुणी सांगितलं असेल,
लिहिणाऱ्यानं, की तिच्या आईच्या चालण्यानं,
कोण जाणे.

उतरताना स्टँडवर गेलो.
काचेमागं आता माणूस नसतो, रेकॉर्ड लावतात.
म्हसवड, औंध, वडूज.
वडूजचा 'ज' बरोबर होता.
इकडचीच कुणी पोर असणार.
फलाट सहाच्या बाकड्यावर बसून
मी सगळी गावं ऐकली,
एकाही गाडीत बसायचं नसताना.