अर्धविरामाची कळ

तापकीर गल्लीतून अकरा हजारांना घेतलेल्या लॅपटॉपला
अर्धविरामाची कळ नव्हती.
दुकानदार म्हणाला, ती कोण वापरतं?
उदगीरच्या शाळेत डोंगरे सरही म्हणायचे,
दोन मार्कांपुरता लक्षात ठेवा, मग सोडून द्या.
आता माझी एकेक ओळ त्याच्यावाचून अडते.
म्हणून एका फाईलमध्ये एकच अर्धविराम जपलाय,
लागेल तेव्हा तिथून उचलायचा,
विरजणासारखा.

पहिल्या वर्षी फुल्ली-गोळा केला. संगणक सारखा हरायचा
आणि मला वाटायचं, मीच हुशार.
दुसऱ्या वर्षी ग्रंथालय. पाच पुस्तकं, तीन सभासद,
तिघेही मीच. त्यातल्या एकावर अजून दंड चढतोय.
मग बसचं केलं. आठवडाभर डहाणूकर कॉलनीच्या थांब्यावर
उभा राहून वेळा टिपल्या.
प्रोग्रॅम म्हणायचा, सात मिनिटं.
बाकावरचे आजोबा म्हणायचे, येईल तेव्हा येईल.
आजोबांचा अंदाज जास्त वेळा खरा ठरला,
हे रिपोर्टात लिहिलं नाही.

शेवटच्या वर्षाला कर्वेनगरातली शिंत्रे काकूंची मेस.
एकोणचाळीस पोरं, दोन वेळचं जेवण, एक लाल वही.
त्यांच्या वहीत पोळी, माझ्या कोडात चपाती,
यावरून पहिली मीटिंग पाऊण तास चालली.
मी बदललं. सगळीकडे. एका ठिकाणी राहून गेलं
आणि त्या रविवारी, निदान स्क्रीनवर तरी,
अख्खी मेस उपाशी झोपली.

हिशेब मात्र जुळेना.
दर महिन्याला वहीत सव्वीसशे रुपये कमी.
तीन रात्री जागलो. बेरजा पाहिल्या, तारखा पाहिल्या,
फेब्रुवारीवर उगाच संशय घेतला.
खोलीतला बिराजदार कुशीवर वळून म्हणाला,
लाइट घालव, बग कुठे पळून जात नाही.

चौथ्या दिवशी वही घेऊन ओट्याशी गेलो.
"काकू, हाके रोज जेवतो. त्याच्यापुढे आकडाच नाही."
मोहरी तडतडून शांत होईपर्यंत त्या बोलल्या नाहीत.
"त्याचा निकाल लागायचाय."
"कधी?"
"ते तुझ्या मशीनला विचार."

विश्वंभर हाके. कोपऱ्यातल्या टेबलावर
राज्यघटना पाण्याच्या जगाला टेकवून जेवतो.
तिसरा प्रयत्न. हात धुताना दर वेळी विचारतो,
"मांडलं ना काकू?"
"मांडलं रे."

मी एक अट घातली. चार ओळी.
त्याचं नाव नाही, रक्कम नाही,
फक्त निकाल लागेपर्यंत.
चार वेळा विरजण लावलं
आणि हिशेब पैशापैशाने जुळला.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.
"ही अट कशासाठी? वर कॉमेंट का नाही?"
"मालकिणीचा नियम आहे, सर."
"लेखी आहे?"
"नाही."
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, काहीतरी खोडलं.
बहुधा गुणच.

संध्याकाळी मेसच्या दारात नवा टॅब लावला.
पोरं रांगेत, आपापला हिशेब बघत,
कोणी हसतंय, कोणी भांडतंय.
हाके ओल्या हातांनी शेवटी आला.
"माझे किती झाले रे?"
मी स्क्रीन जरा माझ्याकडे वळवली.
"थांब," म्हटलं, "लोड होतंय."