शेवटचं रीडिंग

एकतीस वर्षं चेंबूरच्या जिन्यांखाली वाकलो.
बॅटरी दातांत, वही गुडघ्यावर.
सुरुवातीला काचेआड चकती फिरायची,
तिच्यावरचा काळा ठिपका समोरून जाईपर्यंत
उगाचच श्वास धरायचो.

कुणाकडे सून आली, कुणाचं पोर परदेशी गेलं,
आकड्यावरून कळायचं.
एका मे महिन्यात गवाणकरांकडे
दोनशे युनिट वाढले.
म्हटलं, म्हाताऱ्यासाठी एसी घेतला शेवटी.
जूनमध्ये आकडा एकदम खाली.
मी काही विचारलं नाही.
बेल न वाजवता उतरलो.

माहुलच्या अंगाला चिमणी धुरत होती, रोजच्यासारखी.
तिची काजळी माझ्या कॉलरमध्ये,
गवाणकरांच्या रिकाम्या खुर्चीवर.
बिलात तेवढा रकाना नव्हता.

आता मीटर परस्पर ऑफिसशी बोलतात,
मधे माणूस लागत नाही.
लागू नये, बरंच आहे, गुडघे गेलेत माझे.

निघायच्या दिवशी फर्टाडोबाईंनी गच्चीवर नेलं.
जिथं कुरडया वाळायच्या
तिथं निळ्या काचा उन्हाला पाठ टेकून.
"काका, भर दुपारी आमचा मीटर उलटा जातो!"
केवढ्या खुशीत सांगत होत्या.

उलटा.

घरी येऊन वही काढली, पेन्सिलीला टोक केलं.
किती युनिट उलटं गेलं
म्हणजे तो जून पुसला जाईल?
गवाणकरांच्या नावासमोर
बराच वेळ पेन्सिल तशीच.

वही ऑफिसात जमा करायची होती.
केली नाही.