आहो

या गावाचं नाव आहो.
आपल्याकडे ही हाक झाली असती,
तिथे तो नुसता लसूण, स्पॅनिशमधला.
तांब्याची खाण बंद पडली तशी माणसं गेली,
उरला एक अवाढव्य खड्डा
आणि खड्ड्याकडे पाठ करून बसलेली घरं.
त्यातल्या एकाच्या मागच्या खोलीत
मी पाच वर्षं भाड्याने राहिलो,
विहिरींचं पाणी तपासायच्या नोकरीत.

घरमालकीण डेल्फीना ओरोस्को.
शाळेची बस चालवून चालवून
एक खांदा उतरलेला,
आवाज मात्र अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.
तिने कोरड्या ओढ्यातून पेन्स्टेमनचं बी आणलं होतं,
बँकेच्या पाकिटात.
पाकीट उघडलं की ओल्या मोज्यांचा वास यायचा.

पहिल्या खेपेला तिने लाड केले.
शेणखत, चाळणीने चाळलेली काळी माती,
रोज संध्याकाळी पाणी.
रोपं मुळाशी कुजली.
"माझ्या पोरांसारखीच," म्हणाली,
आणि पुढे काही बोलली नाही.

दुसऱ्या खेपेला पहार घेऊन कॅलिची फोडली.
ती माती नव्हेच, चुन्याची फरशी.
त्यात खडी, वाळू, आणखी खडी.
नोव्हेंबरात बी वरून नुसतं भुरभुरलं.
"थंडीचा एक चावा बसला पाहिजे,
त्याशिवाय त्याला जाग येत नाही."
आणि पाण्याचा पाइप गुंडाळून
माझ्या खाटेखाली ठेवला,
स्वतःच्या हाताला लागू नये म्हणून.

पहिलं वर्षभर
जमिनीला चिकटलेली चार राखाडी पानं.
त्यांच्याकडे बघत ती दाणे सोलायची.

पुढच्या मार्चमध्ये
कमरेएवढे दांडे, त्यांना लाल नळ्या,
सगळ्या एकाच बाजूला कललेल्या.
मधमाशीला टेकायला ओटा नाही.
पाहुण्याने हवेतच उभं राहावं
असा त्या घराचा रिवाज.

तो आला.
आधी आवाज,
पंख्याच्या पात्याला कागद घासावा तसा,
मग अंगठ्याएवढं अंग,
मग जांभळा गळा, ऊन पडलं तरच जांभळा,
नाहीतर काजळी.
"चुपार्रोसा," डेल्फीना पुटपुटली,
आणि कॉफी गार होईस्तोवर
कप तोंडाला लावला नाही.
हमिंगबर्ड गेला तेव्हा त्याच्या कपाळावर
पिवळी पूड होती,
कुणी गंध लावून वाटेला लावल्यासारखी.

आणखी एका वर्षाने दांडे आलेच नाहीत.
बहुवर्षायू म्हणवतं हे झाड,
पण त्याच्या हिशेबात बहु म्हणजे दोन-तीन.
मी विचारलं, पाइप काढू का?
तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

नवी रोपं उगवली ती कुंपणापलीकडे,
वेंडेल टॅकेटच्या खडीत,
त्याचा ट्रक जिथे उभा राहतो नेमक्या तिथे.
वेंडेलशी तिचं बारा वर्षं बोलणं नाही.
कारण एक कुत्रा.
कुणाचा, ते दोघं वेगवेगळं सांगतात.

रात्री ती खुरपं घेऊन निघाली,
टॉर्च धरायला मी.
उजेडात दिसलं:
प्रत्येक रोपाभोवती तीन-तीन दगड,
चूल मांडावी तसे,
आणि ट्रक बाहेर रस्त्यावर,
दोन चाकं फुटपाथवर चढवलेली.
खुरपं तिने पदराआड लपवावं तसं
स्वेटरमध्ये घातलं. आम्ही परतलो.

सकाळी कुंपणाच्या तारेला चिठ्ठी, ठळक अक्षरांत:
पाणी घालू नकोस.
नाव नाही, नमस्कार नाही.

मी गाव सोडलं त्या वसंतात
दोघं आपापल्या अंगणात खुर्च्या टाकून बसायचे,
एकाच लाल दांड्याकडे तोंड करून.
एकदा वेंडेल खाकरला.
डेल्फीनाने झटकन मान वळवली.

तो नुसता खाकरला होता.