गाडीएवढी फट

नकाशावर या रस्त्याला तीन पट्टे.
इंजिनिअरबाईंनी दाखवले मला, पेन्सिलीने, एकसारखे.
थेस्सालोनिकीचा चढ, पायथ्याचा समुद्र,
त्यांच्या कागदावर सगळं सपाट.

प्रत्यक्षात उजवा पट्टा पाववाल्याचा,
औषधांच्या दुकानाचा, "पाचच मिनिटं" म्हणत
दिवे उघडझाप करत सोडून दिलेल्या गाड्यांचा.
मधला, त्यांना चुकवणाऱ्यांचा.
राहता राहिला डावा. त्यात सगळं शहर.
आणि ज्या दिवशी उजवीकडे कुणीच नसतं
त्या दिवशीही तिथे कुणी शिरत नाही.
पुढे एखादी उभी असेलच, हे अंगवळणी पडलेलं.
रस्ता नुसता मोकळा असून भागत नाही,
त्याच्यावर भरवसा बसावा लागतो.

म्हणून आम्ही. रविवारी, रात्री दीड वाजता.
अनेस्तिस गाडा ढकलतो, मी पिंपावर,
पिवळा रंग रटरटतो आहे, दोनशे अंश.
ओला आहे तोवर काचेचे बारीक मणी पेरायचे,
म्हणजे अंधारात तो दिव्याला ओ देतो.
काळ्या दगडावरची रेघ म्हणतात, ती ही.
टिकते तीन वर्षं. बसच्या चाकाखाली दोन.

एकच गाडी हलली नव्हती.
पांढरी. किल्ल्या करून देणाऱ्या प्रोद्रोमोसची,
दुकानासमोर एकतीस वर्षं, तिथेच.
टोइंगवाले येणार होते, आले नाहीत.
तो सपाता घालून खाली आला. भांडला नाही.
म्हणाला, "बॅटरी गेलीय. ढकलत असाल तर हात लावतो."
मी त्याचं वय पाहिलं. चढ पाहिला.
वरच्या गॅलरीतून सेवास्ती ओरडली,
"अहो, त्यांना कॉफी तरी विचारा!"
रेघ मी गाडीच्या नाकापाशी थांबवली,
शेपटीपासून पुन्हा सुरू केली.
चार मीटर दहा. मोजून.

सोमवारी बघायला गेलो. काढलेल्या रेघा मी बघतो, खोड आहे.
रस्ता वाहत होता. बस वेळेआधी पोचून
थांब्यावर रेंगाळलेली, ड्रायव्हर संत्रं सोलत होता.
उजव्या पट्ट्यात माणसं बिचकत शिरत होती,
नव्या जिन्यावर पाय टाकावा तशी.
फक्त किल्लीवाल्यासमोर ओघ जरासा डावीकडे कलायचा,
मागचा ब्रेक दाबायचा, त्याच्या मागचा जास्त,
आणि पार मागे, सिग्नलपाशी, कुणीतरी
कशासाठी ते न कळता थांबून राहायचं.
हे मी इंजिनिअरबाईंना सांगितलं नाही.

मग दोन हिवाळे.
प्रोद्रोमोस गेला. गाडी जावयाने भंगारात दिली,
सेवास्ती लेकीकडे, कावालाला.
दुकानात आता मोबाइलची कव्हरं.
दोन्हीकडे पिवळं, म्हणून फटीत कुणी गाडी लावत नाही.
आणि तरी सगळे तिथे अजून वळतात.
ज्यांनी ती पांढरी गाडी कधी पाहिलीच नाही ती पोरंसुद्धा,
पुढच्याचं बघून डावीकडे होतात,
पुन्हा उजवीकडे येतात.

यंदा हुकूम आलाय: फट भरा.
अनेस्तिस म्हणतो, पिंप तापायला वीस मिनिटं.
मी फटीत उभा. पायाखाली तेलाचा डाग,
जुना, बशीएवढा.
तेलावर रंग धरत नाही.
घासावा लागेल.
तारेचा ब्रश कुठे ठेवलास?