ठसका

चोपड्याला, यावल रस्त्यावर, झेरॉक्सच्या दुकानावर
माझी खोली. भिंतींना मंडपवाल्याच्या जुन्या गाद्या,
एकीवर अजून हळदीचा डाग.
मे महिन्यात रेकॉर्डिंग असलं की आधी कुलर बंद,
मग पंखा बंद, मग खाली सांगून यायचं,
पाच मिनिटं मशीन थांबवा.

हिलालअप्पा बनियनवर बसायचे माईकपुढे.
पूर्वी रिक्षात बसून थेट बोलत,
दिसेल त्याला नावानिशी जाहिरातीत ओढत:
"कुठे चालले सुपडू शेठ, हे ऐकून तर जा!"
इथे सुपडू शेठ नव्हता. गादी होती.
तिलाच हाका मारत.

एकदा समजावून सांगितलं त्यांना.
अप्पा, तुमच्या एका सेकंदाचे इथे
चव्वेचाळीस हजार शंभर तुकडे होतात.
प्रत्येकाची उंची मोजायची, आकडा मांडायचा,
जवळचा आकडा, अगदी तोच नाही.
मग भोंग्यातल्या पडद्याला तेच आकडे
मागे-पुढे ढकलतात, अन् हवा हलते.
"म्हंजे मी बोलस कोठे? तू माले मोजी ऱ्हायना,"
म्हणाले, अन् हसता हसता ठसका लागला.
ठसका मी कापला.
श्वासही कापले, वाक्यांमधले, एकेक,
गव्हातले खडे वेचावेत तसे.

पुढचं काम यंत्राचं.
फाइल मोठी, रिक्षावाल्याचा पेन ड्राइव्ह लहान,
त्यात आधीच भजनं, डीजे, कुणाचा तरी साखरपुडा.
बँड वाजत असताना व्याही काय पुटपुटला
ते कुणाला कळतं? मग ठेवायचं कशाला?
केळीचा घड खोक्यात भरतात ना,
फण्या आत, दांडा बांधावर.
अकरा भागांतले दहा बांधावर.
तरी लोक म्हणतात, आवाज अगदी तोच.
मीही म्हणायचो. बिलावर छापलं होतं: खणखणीत आवाज.

एक गोष्ट मात्र गिऱ्हाइकाला सांगत नाही.
दाबून बसवलेल्या आवाजात
टाळी पडायच्या जराशी आधी
टाळीची खरखर येते.
यंत्र आवाज घेतं गठ्ठ्या-गठ्ठ्याने,
गठ्ठ्यात पुढे जे दणकन होणार असतं
त्याची चूक मागच्या शांततेवर सांडते.
हेडफोन लावून, जीव कानात आणला तरच कळतं.

मग अप्पांना नाशिकला नेलं. घशाचं ऑपरेशन.
दिवाळीनंतर जिना चढून आले,
गळ्यावर जाळीचा रुमाल.
खालून रस्त्यावरून त्यांचाच आवाज चालला होता:
"शेतकरी बंधूंनो, टिश्यू कल्चरची खात्रीशीर रोपं..."
रिक्षा वळेपर्यंत दोघं गप्प राहिलो,
म्हणजे मी गप्प राहिलो.
जिन्यात सापडलेल्या एका बिघडलेल्या झेरॉक्समागे
त्यांनी लिहिलं:
मन्हा ठसका ठेवेल शे का?

जुना कॉम्प्युटर उघडला. नवी जाहिरात.
नवी जाहिरात फायनल. फायनल दोन.
मूळ फाइल त्याच वर्षी पुसली होती मी,
जागा हवी होती, लग्नाच्या शूटिंगला.
नाही अप्पा, म्हटलं.
तरी त्यांनी हेडफोनसाठी हात पुढे केला.

सत्तेचाळीस सेकंद. पुन्हा. पुन्हा.
पाचव्या वेळी बोट वर: इथे.
मी ऐकलं. "शेतकरी"च्या आधी,
श्वास कापला होता त्या जागी, जरासं काहीतरी.
श्वास नव्हता तो. गणिताचा सांडलेला भुसा होता.
सांगणार होतो.
त्यांनी डोळे मिटले होते.

जाताना दारात वळले,
सवयीने तोंड उघडलं,
अन् मला, हेडफोन गळ्यात असताना,
ऐकू आली खरखर,
शब्दाच्या आधीची.
मी थांबलो. पंखा बंदच होता.

खाली कुणीतरी झेरॉक्स सुरू केलं.